पंचवीस नॅनोमीटरच्या अलीकडे आणि पलीकडे

पुण्यात पहिला जोराचा पाऊस होऊन गेला की वेताळ टेकडीवरून उतरणाऱ्या पाण्याच्या वाटांवर बारीक रेती साचते आणि त्या रेतीत काळ्या रेघा दिसतात. प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला लोहचुंबक अशा रेघेवरून फिरवला, तर काळे कण ताठ उभे राहून पिशवीला चिकटतात. (पिशवी विसरू नये, थेट चुंबकाला चिकटलेले कण नंतर निघता निघत नाहीत.) हे कण कुठल्या कारखान्यातून आलेले नाहीत. टेकडीचा बेसाल्ट झिजला आणि त्याच्या पोटातलं खनिज सुटं झालं, ते हे. मॅग्नेटाइट त्याचं नाव. लोखंडाचे तीन अणू, ऑक्सिजनचे चार. दख्खनच्या दगडात लोखंडाच्या काही जागा टायटॅनियमने घेतलेल्या असतात, म्हणून भूशास्त्रज्ञ त्याला टायटॅनोमॅग्नेटाइट म्हणतात.

सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी हा लाव्हा थंड होत होता, तेव्हा त्यातल्या या कणांनी पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राची त्या वेळची दिशा धरली. ती त्यांनी अजून सोडलेली नाही. १९५० च्या दशकात लंडनच्या इम्पीरियल कॉलेजातल्या क्लेग, डॉइच आणि ग्रिफिथ्स यांनी दख्खनच्या बेसाल्टचे नमुने मोजले आणि १९५६ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. दगडातली दिशा सांगत होती की हा लाव्हा गोठला तेव्हा भारत विषुववृत्ताच्या दक्षिणेला होता. खंड सरकतात ही कल्पना बहुतेक भूशास्त्रज्ञांना अजून पटलेली नव्हती, अशा काळातला हा पुरावा. आपल्या काळ्या दगडाचं चुंबकत्व कधी कधी अडचणही करतं. मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हणून कुलाब्याची चुंबकीय वेधशाळा १९०४ साली अलिबागला नेली, तेव्हा उपकरणांच्या खोल्यांसाठी इथला दगड टाळून मुद्दाम पोरबंदरचा, चुंबकत्व नसलेला दगड आणावा लागला.

वेताळ टेकडीच्या आसपासच पुण्यातल्या मोठ्या प्रयोगशाळा वसल्या आहेत. पाषाण रस्त्यावर राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा, म्हणजे एनसीएल, आणि आयसर. गणेशखिंडीत विद्यापीठाचा भौतिकशास्त्र विभाग. आगरकर रस्त्यावर आघारकर संशोधन संस्था. लोखंडाच्या ऑक्साइडचे नॅनोकण हा पुण्यातल्या प्रयोगशाळांचा जुना विषय आहे. दगडात कोट्यवधी वर्षं दिशा धरून बसणारं मॅग्नेटाइट दहा नॅनोमीटरच्या कणांत बनवलं, तर त्याला दिशा एक क्षणभरही धरता येत नाही. रासायनिक सूत्रात काहीच बदललेलं नसतं. फक्त आकार बदललेला असतो, आणि सगळी गंमत त्या आकारात आहे.

आधी मॅग्नेटाइटला चुंबकत्व येतं कुठून ते पाहू. त्याच्या स्फटिकात लोखंडाच्या आयनांना दोन प्रकारच्या जागा मिळतात. एका प्रकारात आयनाभोवती चार ऑक्सिजन असतात, दुसऱ्यात सहा. पहिल्या जागी फेरिक आयन बसतात, दुसऱ्या जागी निम्मे फेरिक आणि निम्मे फेरस. या दोन जागांवरच्या आयनांची चुंबकत्वं एकमेकांच्या उलट दिशेला असतात, रस्सीखेचीतल्या दोन बाजूंसारखी. एका बाजूला फेरिकचे पाच एकक. दुसऱ्या बाजूला फेरिकचेच पाच आणि वर फेरसचे चार. पाचाला पाच छेदतात आणि चार उरतात. मॅग्नेटाइटचं चुंबकत्व ते हे उरलेलं चार. फ्रान्सच्या लुई नेल यांनी १९४८ साली हा हिशेब मांडला आणि पुढे १९७० मध्ये त्यांना नोबेल मिळालं. हेमॅटाइटमध्ये, म्हणजे लाल गेरूत, दोन्ही बाजू जवळजवळ सारख्याच भरतात. म्हणून गेरूही लोखंडाचंच ऑक्साइड असूनही त्याला चुंबक फारसा ओढत नाही. तिसरा भाऊ मॅगेमाइट. त्याचं रासायनिक सूत्र हेमॅटाइटचं, पण स्फटिकाची बांधणी मॅग्नेटाइटची, आणि म्हणून चुंबकत्वही मॅग्नेटाइटपेक्षा थोडंच कमी. या तिसऱ्याकडे पुन्हा यावं लागणार आहे, कारण तो प्रयोगशाळेत न बोलावता येतो.

मॅग्नेटाइटचा मोठा कण एकाच दिशेला चुंबकीय झालेला नसतो. ऊर्जा वाचवण्यासाठी तो वेगवेगळ्या दिशांच्या क्षेत्रांत विभागला जातो. त्यांना डोमेन म्हणतात. कण लहान करत नेला की सुमारे ८० नॅनोमीटरच्या खाली ही विभागणी परवडेनाशी होते आणि अख्खा कण एकच डोमेन बनतो. आता त्यातले सगळे आयन एकदिलाने एका दिशेला. दहा नॅनोमीटरचा कण घेतला, तर त्यात लोखंडाचे अणू साधारण एकवीस हजार असतात, आणि ते सगळे मिळून एकच चुंबक होतात.

पण या चुंबकाला दिशा बदलायला अडसर किती असतो? स्फटिकाला काही दिशा सोयीच्या असतात, काही गैरसोयीच्या. एका सोयीच्या दिशेतून दुसरीत जाताना मध्ये ऊर्जेचा एक चढ लागतो. हा चढ कणाच्या घनफळाच्या प्रमाणात असतो. दुसऱ्या बाजूला खोलीतली साधी उष्णता कणाला सतत हलवत असते, आणि ती कणाच्या आकारावर अवलंबून नसते. कण लहान झाला की चढ उतरतो आणि उष्णता त्याला सहज ओलांडते. दिशा सरासरी किती वेळ टिकेल, याचं सूत्र नेल यांनीच १९४९ मध्ये दिलं. त्यांच्यासमोर तेव्हा नॅनोतंत्रज्ञान नव्हतं. भाजलेली माती पृथ्वीच्या क्षेत्राची दिशा शतकानुशतकं कशी धरून ठेवते, हा त्यांचा प्रश्न होता.

ते सूत्र हाताने चालवून पाहण्यासारखं आहे. मॅग्नेटाइटच्या स्फटिकाचा अडसर दर घनमीटरला ११,००० ज्यूल आणि कणाच्या प्रयत्नांचा वेग सेकंदाला शंभर कोटी धरला, तर खोलीच्या तापमानाला १० नॅनोमीटरचा कण आपली दिशा काही नॅनोसेकंद धरतो. २० नॅनोमीटरचा कण मायक्रोसेकंदांत जातो. २५ नॅनोमीटरला दोन-तीन सेकंद. ३० नॅनोमीटरला काही महिने. आणि ३५ नॅनोमीटरला? दोनशे कोटी वर्षांहून जास्त. हे आकडे ढोबळ आहेत. आकार, पृष्ठभाग आणि शेजारचे कण यांनी ते बदलतात. पण चढण किती उभी आहे ते यातून कळतं. दहा नॅनोमीटरच्या फरकात सेकंदांची अब्जावधी वर्षं होतात. घनफळ घातांकात बसलेलं असल्याचा हा परिणाम. मला भौतिकशास्त्रातल्या फार थोड्या सूत्रांबद्दल इतकं अप्रूप वाटतं.

लहान बाजूच्या कणांच्या या वागणुकीला सुपरपॅरामॅग्नेटिझम म्हणतात. बाहेरून चुंबक आणला की सगळे कण जोरात ओढले जातात. चुंबक काढला की सगळे दिशा विसरतात आणि एकमेकांना चिकटून राहत नाहीत. औषधात, पाणी शुद्ध करण्यात, पेशी वेगळ्या काढण्यात हाच गुण हवा असतो. निसर्गाला मात्र कधी कधी उलट हवं असतं. रिचर्ड ब्लेकमोर यांनी १९७५ साली चिखलातल्या काही जिवाणूंचं वर्णन प्रसिद्ध केलं. ते चुंबकीय रेषेच्या दिशेने पोहतात. त्यांच्या शरीरात मॅग्नेटाइटच्या स्फटिकांची माळ असते, आणि हे स्फटिक सहसा ३५ ते १२० नॅनोमीटरचे असतात. वरचा हिशेब पाहा. दिशा पक्की धरायची तर याहून लहान स्फटिक चालणार नाही, आणि फार मोठा झाला तर तो डोमेनांत फुटेल. जिवाणूने नेमकी मधली जागा गाठली आहे.

आता बनवण्याकडे. सर्वांत सोपी आणि सर्वांत जास्त वापरली जाणारी रीत म्हणजे को-प्रेसिपिटेशन. फ्रान्सच्या रेने मासार यांनी १९८१ च्या सुमारास ती रूढ केली. एमएस्सीच्या प्रयोगशाळेतही ती जमते. फेरिक क्लोराइड ५.४ ग्रॅम, फेरस सल्फेट २.७८ ग्रॅम, दोन्ही त्यांच्या स्फटिकजलासह. याने फेरिक आणि फेरस आयनांचं प्रमाण बरोबर दोनास एक पडतं, जे मॅग्नेटाइटला हवं असतं. पाणी आधी नायट्रोजनचे बुडबुडे सोडून ऑक्सिजनमुक्त केलेलं. पाणी साठ-सत्तर अंशांवर, फ्लास्कमध्ये पिवळट-नारिंगी द्रावण, वर नायट्रोजन चालू. आणि ढवळायला वरून सोडलेली काचेची किंवा टेफ्लॉनची दांडी. एरवी सगळीकडे वापरतात तो मॅग्नेटिक स्टरर इथे चालत नाही, कारण तयार होणारी सगळी पूड त्याच्या फिरत्या कांडीलाच जाऊन चिकटते.

मग अमोनिया. पहिल्या थेंबांना तपकिरी साका दिसतो, पीएच वाढला की बघता बघता द्रावण काळंभोर होतं. प्रतिक्रिया खरं तर क्षणात होते; पुढचा अर्धा-पाऊण तास स्फटिकांना नीट बसायला दिलेला असतो. फ्लास्कच्या बाजूला निओडिमियमचा चुंबक धरला की काळा ढग त्या बाजूला सरकतो आणि उरलेलं पाणी नितळ होतं. पाणी ओतायचं, नवं घालायचं, पुन्हा चुंबक, असं पीएच सातवर येईपर्यंत. शेवटी हाती येते सुमारे २.३ ग्रॅम पूड. कण दहा नॅनोमीटरचे असतील, तर एवढ्याशा पुडीचा एकूण पृष्ठभाग २६० चौरस मीटरच्या पुढे जातो, म्हणजे २,८०० चौरस फुटांपेक्षा जास्त. पाण्यातलं आर्सेनिक ओढून घ्यायला हे कण इतके कामाचे का, ते या एका आकड्यातून समजतं. याच पृष्ठभागामुळे ते एकमेकांना बिलगून गोळेही होतात, म्हणून धुतल्यावर लगेच सायट्रिक आम्ल, ओलेइक आम्ल किंवा डेक्स्ट्रान यांचा थर द्यावा लागतो.

या रीतीचं दुखणं एकच: कण सगळे एका मापाचे होत नाहीत. कुणी सहा, कुणी बारा, कुणी अठरा नॅनोमीटरचा. वरच्या हिशेबात घनफळ घातांकात आहे हे लक्षात ठेवलं, तर सहा आणि अठरा हा किरकोळ फरक नाही. एका मापाचे कण हवेत तर लोखंडाचं ओलेटसारखं संयुग उकळत्या सेंद्रिय द्रवात तीनशे अंशांच्या वर तापवावं लागतं. सोलच्या तेह्वान ह्योन यांच्या गटाने २००४ मध्ये या रीतीने एका वेळी ४० ग्रॅम एकसारखे कण काढून दाखवले. मात्र ते तेलात राहतात, पाण्यात आणायला वेगळी खटपट करावी लागते.

पुण्याने या कथेत दोन वेगळ्या वाटा घातल्या, आणि त्या शहराबाहेर जितक्या माहीत आहेत तितक्या शहरात नाहीत. पहिली १९८७ ची. पुणे विद्यापीठाच्या भौतिकशास्त्र विभागात सतीशचंद्र ओगले, सुलभा कुलकर्णी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लोखंडाचा तुकडा पाण्यात ठेवला आणि त्याच्यावर रुबी लेसरचे शक्तिमान स्पंद सोडले. लोखंडाचा पृष्ठभाग अतिशय थोड्या काळासाठी वितळतो, भोवतीच्या पाण्याशी त्याची प्रतिक्रिया होते आणि तेच पाणी त्याला तत्काळ थंड करतं. एरवी स्थिर राहणार नाहीत अशा लोह-ऑक्साइडच्या अवस्था त्या घाईत गोठून राहतात. 'फिजिकल रिव्ह्यू लेटर्स'मधल्या या निबंधाच्या लेखकांत वि. ग. भिडे हेही होते. गॅमा किरणांनी लोखंडाच्या अणूंची स्थिती ओळखणाऱ्या मोसबाउर तंत्राचे ते भारतातले आद्य जाणकार, आणि पुणे विद्यापीठाचं कुलगुरूपदही त्यांनी सांभाळलं. त्यांनी पाहिला तो तुकड्यावरचा पातळ थर होता, द्रवात तरंगणारे कण नव्हेत. पण द्रवाखाली ठेवलेल्या घन पदार्थावर लेसर मारून नवं काही बनवण्याची आज जगभर वापरली जाणारी जी रीत आहे, तिचा इतिहास लिहिताना सुरुवात बहुधा या पुण्याच्या प्रयोगापासून केली जाते.

दुसरी वाट एनसीएलची. मुरली शास्त्री, अबसार अहमद आणि त्यांचे सहकारी नॅनोकण बनवण्याचं काम सूक्ष्मजीवांकडून करून घेत होते. सोनं-चांदी झाल्यावर ते लोखंडाकडे वळले. २००५ मध्ये त्यांनी अ‍ॅक्टिनोबॅक्टर हा जिवाणू उघड्या हवेत मॅग्नेटाइट बनवतो असं दाखवलं. ब्लेकमोर यांच्या जिवाणूंना ऑक्सिजन फारसा चालत नाही आणि त्यांचं काम अतिशय संथ असतं, म्हणून याचं महत्त्व. जिवाणूची ओळख पटवण्यात राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्राचे योगेश शौचे होते आणि चुंबकीय मोजमापात एनसीएलचेच पी. ए. जॉय. पुढच्याच वर्षी फ्युझेरियम आणि व्हर्टिसिलियम या बुरशांवरचा निबंध आला. फ्युझेरियम म्हणजे शेतकऱ्याच्या हरभऱ्यात आणि टोमॅटोत मर रोग आणणारी बुरशी. लोखंडाच्या सायनाइडयुक्त क्षारांचं मिश्रण तिला दिलं, तर ती पेशीबाहेर सोडलेल्या प्रथिनांनी त्याचं विघटन करते आणि साध्या तापमानाला मॅग्नेटाइटचे कण तयार होतात. भट्टी लागत नाही, अमोनियाही लागत नाही. कारखान्याच्या प्रमाणावर ही रीत को-प्रेसिपिटेशनला मागे टाकेल असं मला वाटत नाही. बुरशी वाढवायला दिवस लागतात आणि प्रत्येक वेळी ती तशीच वागेल याची हमी कमी. पण मॅग्नेटाइट बनायला किमान काय लागतं, या प्रश्नाचं उत्तर तिने बदललं.

पूड काळी आहे आणि चुंबकाला चिकटते, एवढ्यावर ती मॅग्नेटाइट ठरत नाही. क्ष-किरणांचा आलेख घेतला की तांब्याच्या किरणांना ३५.५ अंशांच्या आसपास सर्वांत उंच शिखर येतं. ते जितकं रुंद, तितके कण लहान. शेरर यांचं १९१८ चं सूत्र यासाठी आजही रोज वापरलं जातं. पण मॅगेमाइटचं शिखरही जवळजवळ तिथेच येतं. स्फटिकाच्या घराची बाजू एकात ०.८४० नॅनोमीटर, दुसऱ्यात ०.८३५. कण लहान असले की शिखरं इतकी पसरतात की हा फरक त्यात बुडून जातो. आणि दहा नॅनोमीटरचं मॅग्नेटाइट हवेत राहिलं की हळूहळू मॅगेमाइट होतंच. काळ्या पुडीवर तपकिरी छटा येते ती याची. नीट निवाडा करायचा तर मोसबाउर वर्णपट घ्यावा लागतो. बऱ्याच निबंधांत केवळ क्ष-किरणांवर विसंबून 'मॅग्नेटाइट' असं बिनधास्त लिहिलेलं दिसतं, ते मला खटकतं.

चुंबकत्व मोजायचं मुख्य यंत्र व्हीएसएम, म्हणजे व्हायब्रेटिंग सॅम्पल मॅग्नेटोमीटर. काही मिलिग्रॅम पूड कॅप्सूलमध्ये दाबून एका दांडीच्या टोकाला बसवतात. दांडी मोठ्या विद्युतचुंबकाच्या मध्ये वरखाली कंप पावते आणि शेजारच्या वेटोळ्यांत त्या कंपनाने वीज निर्माण होते. तिच्यावरून नमुन्याचं चुंबकत्व कळतं. सायमन फोनर यांनी १९५० च्या दशकात हे यंत्र बनवलं. क्षेत्र एका दिशेला वाढवत नेऊन परत उलट दिशेला आणलं की आलेख उमटतो. मोठ्या कणांचा आलेख जाताना एका वाटेने आणि येताना दुसऱ्या वाटेने जातो, मध्ये पोट सुटतं. सुपरपॅरामॅग्नेटिक कणांचा आलेख नुसता इंग्रजी एस अक्षरासारखा. जाण्या-येण्याची वाट एकच, आणि क्षेत्र शून्य झालं की चुंबकत्वही शून्य. कमाल चुंबकत्व दगडी मॅग्नेटाइटचं ग्रॅममागे ९२ इएमयू (चुंबकत्वाचं एकक) असतं. नॅनोकणांचं पन्नास ते सत्तर येतं. एक कारण असं की पृष्ठभागावरच्या आयनांना एका बाजूचे शेजारी नसतात, त्यामुळे त्यांची चुंबकत्वं वाकडीतिकडी राहतात. आयर्लंडच्या कोए यांनी १९७१ मध्ये मॅगेमाइटवर हे दाखवलं. दुसरं कारण साधं असतं आणि पुष्कळदा विसरलं जातं: पुडीच्या वजनात ओलेइक आम्लाचं आणि ओलाव्याचंही वजन धरलेलं असतं. पूड उचलायला स्टीलचा चमचा वापरला, तर त्यातला लोखंडाचा एखादा बारीक कणही आलेख बिघडवू शकतो. म्हणून प्लास्टिकचा चमचा.

यंत्र बदललं की उत्तरही बदलू शकतं. व्हीएसएम एका बिंदूला सेकंद-मिनिटं घेतं. मोसबाउर तंत्र एका सेकंदाच्या दहा कोटीव्या भागात पाहून घेतं. एकाच कणाला पहिलं यंत्र 'दिशाहीन' म्हणेल आणि दुसरं 'स्थिर' म्हणेल, आणि दोघांचंही खरं असेल. नॅनोकण चुंबकीय आहे का, हा प्रश्न किती वेळात विचारला यावर अवलंबून असतो.

उपयोगांच्या बाबतीत लोह-ऑक्साइडला एक मोठी सवलत मिळालेली आहे. शरीराला लोखंड परकं नाही. फेरिटिन या प्रथिनाच्या आठ नॅनोमीटरच्या पोकळीत आपण सगळे लोखंडाचं ऑक्साइडसारखं रूप साठवतोच, आणि बाहेरून दिलेले कणही कालांतराने रक्ताच्या लोखंडात जमा होतात. म्हणून १९९६ मध्ये अमेरिकेत यकृताच्या एमआरआयसाठी असे कण मंजूर झाले आणि २००९ मध्ये मूत्रपिंडाच्या रुग्णांतल्या रक्तक्षयासाठी फेरुमॉक्सिटॉल आलं. तिसरा उपयोग कर्करोगाच्या गाठीत कण सोडून बाहेरून सेकंदाला लाखभर वेळा उलटणारं क्षेत्र लावण्याचा. कण दिशा बदलत राहतात, तापतात, आणि गाठ ४२ ते ४५ अंशांवर नेता येते. मेंदूच्या गाठींसाठी एका जर्मन कंपनीला युरोपात २०१० मध्ये याची परवानगी मिळाली. आयआयटी मुंबईत धीरेंद्र बहादूर यांच्या गटाने या विषयावर दीर्घकाळ काम केलं आहे.

इथे आकार पुन्हा आडवा येतो. फार लहान कण क्षेत्राबरोबर सहज वळतात आणि उष्णता देत नाहीत. फार मोठे दिशा सोडतच नाहीत. मधल्या अरुंद पट्ट्यातले कण चांगले तापतात, आणि म्हणून सहा ते अठरा नॅनोमीटरच्या मिश्रणातले बरेच कण नुसते वजनाला राहतात. दुसरी अडचण तापमानाची. मॅग्नेटाइटचं चुंबकत्व ५८५ अंशांपर्यंत टिकतं, त्यामुळे ४५ अंशांवर त्याला आपणहून थांबवणारं काहीच नाही. डॉक्टरला क्षेत्र सांभाळावं लागतं. आघारकर संस्थेत किशोर पाकणीकर यांच्या गटाने या जागी लँथॅनम, स्ट्रॉन्शियम आणि मँगनीज यांच्या ऑक्साइडचे डेक्स्ट्रानचा थर दिलेले कण तपासले. या ऑक्साइडमधली प्रमाणं बदलली की त्याचं चुंबकत्व कोणत्या तापमानाला संपावं ते ठरवता येतं. ते शरीराला सोसेल अशा तापमानाजवळ आणलं, तर कण तिथे पोचल्यावर तापायचेच थांबतात. बदल्यात दोन गोष्टी सोडाव्या लागतात: मॅग्नेटाइटएवढं चुंबकत्व मिळत नाही, आणि लँथॅनम पचवून रक्तात घालण्याची सोय शरीरात नाही.